टेबल नंबर चौदाचा निरोप

निरोपकाका ज्या कंपनीत काम करतात ती लोकांच्या घरी सामान पोचवते, आणि वाढते आहे म्हणजे किती, तर सोमवारी जिथे पाण्याचं पिंप होतं तिथे पुढच्या सोमवारी एक आख्खा विभाग बसलेला असतो. पिंप कुठे गेलं हे त्या विभागालाही ठाऊक नसतं. चार वर्षांपूर्वी भाड्याची एक शेड, सतरा माणसं आणि दोन टेम्पो एवढाच कारभार होता. आज तीन मजले आहेत, सहाशे माणसं आहेत, आणि टेम्पो किती ते सांगायला वेगळा माणूस ठेवलाय. नुसत्या पॅकिंगच्या मजल्यावर सव्वादोनशे जण उभे असतात. त्यातल्या निम्म्यांना दुसऱ्या निम्म्यांची तोंडओळखसुद्धा नाही.

काका त्या पहिल्या सतरांतले. त्याआधी ते तेवीस वर्षं एका फर्निचरच्या दुकानात होते. ते दुकान बसलं, आणि आता त्रेपन्नाव्या वर्षी आपल्याला कोण दारात उभं करणार, असं म्हणत म्हणत ते या शेडमध्ये शिरले. मालक तेव्हा जेमतेम तिशीतला, स्वतः जमिनीवर मांडी घालून खोक्यांना टेप मारत बसलेला. त्याला सगळे दादा म्हणत. काका त्याच्या वडिलांच्या वयाचे, पण तेही दादाच म्हणायला लागले. दादानं त्यांना विचारलं, काय येतं? काका म्हणाले, तसं काही विशेष येत नाही, पण दिलेलं काम चुकत नाही. दादानं त्यांना वजनकाट्यावर बसवलं, ते आजतागायत तिथेच आहेत. आता मजल्यावर तसे वीस-पंचवीस काटे आहेत, आणि काकांच्या रांगेतल्या टेबलांवरून निघणारं प्रत्येक खोकं काकांच्या काट्यावर येतं. ते आकडा बघतात, यंत्रातून निघालेलं लेबल चिकटवतात आणि खोकं पुढच्या पट्ट्यावर सोडतात. दिवसाला आठशे-नऊशे खोकी. करायला सोपं, सांगायला त्याहून सोपं. कुणी विचारलंच, तुम्ही काय करता, तर एका वाक्यात संपतं. काकांना तेच तर खुपायचं.

पण माणसाला एखादी गोष्ट अशी लागते की जिच्यामुळे तो आरशात बघून मिशी नीट करतो. काकांची ती गोष्ट म्हणजे निरोप.

झालं होतं असं, की पहिल्या वर्षी एक ड्रायव्हर कंपनी सोडून निघाला. शेवटच्या दिवशी चहा आला, बिस्किटं आली, सोळा माणसं गोल करून उभी राहिली आणि कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. दादा घड्याळ बघतोय, ड्रायव्हर स्वतःच्या चपला बघतोय. काकांना ती शांतता सहन होईना. ते एका उलट्या क्रेटवर चढले आणि त्या ड्रायव्हरबद्दल चार वाक्यं बोलून गेले. हा माणूस टेम्पो उलटा घेताना आधी खाली उतरून मागे बघतो, नुसत्या आरशावर भरवसा ठेवत नाही, असं काहीतरी साधंच बोलले. ड्रायव्हरला हुंदका आवरेना. बस, तेव्हापासून कुणीही सोडून निघालं की बोलायचं काकांनी, हे ठरूनच गेलं. शुक्रवारी पावणेचारच्या चहाला सगळं काम थांबायचं. जाणारा माणूस जड मालाच्या मोठ्या काट्यावर उभा राहायचा, कारण तो जमिनीपासून वीतभर उंच आहे आणि सगळ्यांना दिसतो. काका आधी आकड्याच्या काचेवर आपली टोपी अडकवायचे, म्हणजे कुणाचं वजन चारचौघांत जाहीर व्हायला नको. मग बोलायचे. चार वर्षांत एकशे सत्त्याऐंशी निरोप झाले. वाढत्या कंपनीत माणसं येतात भराभर आणि जातातही भराभर.

आणि काका उगाच ठोकून द्यायचे नाहीत हं. आधी ऑफिसातून चिठ्ठी यायची: अमक्या टेबलाचा माणूस शुक्रवारी जाणार. मग काका तीन-चार दिवस त्या माणसावर लांबून नजर ठेवायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचे, पण खुद्द जाणाऱ्याला कधी नाही. एकदा त्यांनी एकाला आधी विचारलं होतं, तर तो रडकुंडीला आला, राजीनामा मागे घेतला आणि सहा महिन्यांनी पुन्हा दिला. दोन वेळा निरोप करावा लागला. तेव्हापासून कानाला खडा.

जमवलेलं सगळं घरी काकूंसमोर वाचून दाखवायचं. काकू शिवणकाम करतात. मशीन चालू असतानाच त्यांचा कान काकांच्या भाषणावर असतो, आणि एखादं वाक्य आवडलं नाही की मशीन थांबतं. "हे खोटं आहे," काकू म्हणतात, आणि पाय पुन्हा पायडलवर. काका कुरकुरतात, अगं, थोडं वाढवून सांगायला काय हरकत आहे, माणूस चाललाय. काकूंचं म्हणणं असं की वाढवलेलं कापड अंगावर बसत नाही. काका ते वाक्य खोडतात. तीस वर्षांच्या संसारात या बाबतीत त्यांची एकदाही सरशी झालेली नाही.

तर असं बरं चाललेलं असताना कंपनीत कल्चर मॅडम आल्या.

मॅडम स्वभावानं चांगल्या, हे आधीच सांगायला हवं. वय अठ्ठावीस, हसतमुख, सगळ्यांशी मिळून-मिसळून. कंपनी मोठी झाली की तिचं कल्चर सांभाळायला माणूस लागतो, असं कुठेतरी ठरलं, म्हणून त्यांना आणलं. पहिल्या आठवड्यात भिंतींवर पाट्या लागल्या: आपण सारे एक कुटुंब. खोकी उचलणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, कुटुंब आहे खरं, पण जेवायला पाळ्यांमध्ये बसवतात. दुसऱ्या आठवड्यात दाराशी मनःस्थितीचा फळा लागला. घरी जाताना प्रत्येकानं त्यावर एक चेहरा चिकटवायचा, हसरा, बरा किंवा रडका. पहिल्याच दिवशी एकीनं रडका लावला. तिला मॅडमनी प्रेमानं खोलीत बसवून चाळीस मिनिटं विचारपूस केली, आणि तिची त्या दिवसाची सात खोकी मागे पडली. दुसऱ्या दिवसापासून सव्वादोनशेच्या सव्वादोनशे माणसं रोज हसरी. मॅडमनी त्याचा आलेख काढून दादाला दाखवला, तो बिचारा खूश.

आणि मग एका सोमवारी मॅडम काकांच्या काट्यापाशी आल्या. त्यांना सांगायचं जिवावर आलं होतं, ते दिसत होतं. सव्वादोनशे माणसं गुणिले वीस मिनिटं म्हणजे आठवड्याला पंचाहत्तर तास, असा हिशोब वरच्या लोकांनी मांडला होता. शिवाय जाणाऱ्यांचंच एवढं कौतुक केलं तर राहणाऱ्यांच्या मनात काय येईल, असाही प्रश्न निघाला होता. या शुक्रवारी दादा स्वतः खाली येऊन निरोप बघणार, आणि ठेवायचा की बंद करायचा ते त्यानंतर ठरणार.

काकांनी मान डोलावली, हो-हो केलं आणि पुढचं खोकं घेतलं. पण त्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती. घरी गेल्यावर त्यांनी काकूंना सरळ सांगितलं. निरोप गेला तर मी कोण? काट्यावर खोकी ठेवणारा माणूस. ते काम उद्या एखादं यंत्र करेल, आणि यंत्राला पाठदुखीही नसते. काकू एरवी अशा बोलण्याला भीक घालत नाहीत. त्या दिवशी त्यांनी मशीन बंद केलं, दोन कप चहा टाकला आणि एवढंच म्हणाल्या, की मग हा शुक्रवार चांगला करा.

त्या आठवड्याची चिठ्ठी आलेली होती: टेबल नंबर चौदा.

आणि इथेच घोळ झाला. आदल्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, मजल्यावर वीस नवी टेबलं आली होती, आणि ती मधे बसवताना सगळ्यांचे नंबर नव्या दारापासून पुन्हा घातले होते. आधीचं चौदा आता एकतीस झालं होतं आणि आधीचं पाच आता चौदा. वरच्या ऑफिसात मात्र यादी जुनीच होती, चिठ्ठी त्या यादीवरून लिहिलेली. नंबर बदललेत हे काकांनाही माहीत होतं, पण चिठ्ठी नव्या नंबराची असेल असं ते धरून चालले. ऑफिसात बसणाऱ्यांना एवढं तरी ठाऊक असणारच, हा त्यांचा भाबडेपणा.

खरा जाणारा होता हिरो. त्याला सगळे हिरो म्हणत, कारण तो टेपची गुंडाळी बोटावर फिरवत काम करायचा आणि येता-जाता प्रत्येकाची खोडी काढायचा. त्याला दुसऱ्या कंपनीनं बोलावलं होतं. निरोपासाठी त्यानं नवा शर्टही शिवून घेतला होता. आणि टेबल चौदाला, नव्या चौदाला, उभी असायची फुलस्टॉप.

हे नाव तिला मजल्यावरच्या पोरींनी ठेवलं होतं, कारण ती एक शब्द बोलायची आणि थांबायची. जेवलीस? हो. बरं वाटत नाही का? वाटतं. चाळिशीची बाई, केस घट्ट बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तीन वर्षं ती काचसामान बांधत होती, पेले, बरण्या, दिव्यांच्या काचा. घरी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून सुट्टी झाली की ती थेट घर गाठायची, कुणासाठी थांबायची नाही. एवढीच तिच्याबद्दल लोकांना असलेली माहिती.

काकांनी मंगळवारपासून तिच्यावर नजर ठेवली. डावीकडच्या मुलाला विचारलं, ही चाललीय ना रे? त्यानं कानातला इअरफोन काढला, तिच्याकडे बघितलं, म्हणाला, असेल, मला काही बोलली नाही. उजवीकडची बाई नवी होती, चारच दिवस झालेली. ती हळहळली आणि तिनं ते आणखी दोघींना सांगितलं. बुधवारपर्यंत अर्ध्या मजल्याला कळलं होतं की फुलस्टॉप चाललीय, आणि एकालाही त्यात शंका घ्यावीशी वाटली नाही. जी कुणाशी बोलत नाही ती जाताना तरी कशाला बोलेल! फुलस्टॉपला मात्र यातलं अक्षर माहीत नव्हतं. हे काका आपल्या टेबलासमोरून दिवसातून सहा वेळा का जातायत, एवढंच तिला कोडं पडलं होतं.

काका जे बघत होते त्यानं त्यांना स्वतःचीच लाज वाटू लागली. तीन वर्षं हिची खोकी आपल्या काट्यावर येतायत आणि आपण कधी मागे वळून बघितलं नाही? ती पेला हातात घेतला की आधी तो उजेडाकडे धरून बघायची. कागदाचे चार पदर घालायची, पाचवा तळाला. खोकं बंद झालं की ते कानाजवळ नेऊन हलकेच हलवायची. जराही आवाज आला की टेप फाडून पुन्हा पहिल्यापासून बांधायची, मग तिच्या आकड्यात कितीही तूट येवो. काका परत आलेल्या मालाच्या खिडकीवर गेले आणि विचारलं, या बाईनं बांधलेल्यांपैकी फुटून परत किती आले? तिथल्या बाईनं संगणकात शोधलं, पुन्हा शोधलं, मग मान हलवत म्हणाली, तीन वर्षांत एक नाही.

गुरुवारी संध्याकाळी काकांनी भाषण वाचलं आणि काकूंचं मशीन एकदाही थांबलं नाही. संपल्यावर काकू म्हणाल्या, अशा बाईला जाऊ कसे देतात हे लोक?

शुक्रवारी पावणेचारला दादा खाली आला. दोन वर्षांत तो मजल्यावर पहिल्यांदाच दिसला, नाहीतर पडद्यावरच. जुन्यांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, नव्यांनी हा कोण म्हणून विचारलं. मॅडम वही घेऊन उभ्या. चहा वाटला गेला. हिरो केस विंचरून, नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत आलेला. काकांनी आकड्याच्या काचेवर टोपी अडकवली आणि हात पुढे करून म्हणाले, टेबल नंबर चौदा, या.

हिरोनं पाऊल उचललं. पण काका सरळ त्याच्या अंगावरून पुढे गेले, फुलस्टॉपचा चहाचा कप तिच्या हातातून घेतला आणि तिला काट्यावर नेऊन उभं केलं. तिला वाटलं, तिचं काहीतरी चुकलंय. घरी आईच्या औषधाची वेळ टळली की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं. काय करावं न सुचून ती उभी राहिली.

काका बोलले. दादा बघत होता आणि पणाला लागलं होतं ते त्यांचंच काम.

"आपल्याकडे एखादी वस्तू फुटली की बोभाटा होतो. लोक फोन करतात, फोटो पाठवतात, कुणी बांधली होती ते शोधून काढलं जातं. जी वस्तू फुटत नाही तिच्याबद्दल कुणी फोन करत नाही. ही बाई तीन वर्षं काच बांधतेय आणि हिच्याबद्दल आजवर एकही फोन आला नाही. म्हणून हिचं नावही कुणी घेतलं नाही. मी पण नाही घेतलं, आणि मला त्याची लाज वाटते. बांधून झालेलं खोकं ही कानाशी नेते. आवाज आला तर पुन्हा बांधते. कुणी बघत नसतं तेव्हाही. कुठेतरी, आपल्याला माहीत नसलेल्या हजारो घरांत, आज लोक हिनं बांधलेल्या पेल्यातून पाणी पितायत. ही गेली तर मजल्यावर आवाज कमी होणार नाही, कारण ही आवाज करतच नव्हती. पण इथून जाणारी काच फुटायला लागेल, आणि मग आपल्याला कळेल कोण गेलं."

फुलस्टॉपचे डोळे भरून वाहत होते आणि ती पुसतही नव्हती. काकांनी पुष्पगुच्छ पुढे केला. ती म्हणाली, "काका, मी कुठे चाललेय?"

क्षणभर काकांना वाटलं, ही फार खोल अर्थानं विचारतेय. मग मागून हिरो हात वर करून म्हणाला, काका, मी चाललोय, मी. आधी एक जण हसला, मग दहा, मग आख्खा मजला. मॅडमनी चिठ्ठी हातात घेतली, टेबलावर टांगलेल्या नंबराच्या पाटीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. दादानं विचारलं, कुठलं चौदा, जुनं की नवं?

काकांचे कान लाल झाले. एकशे सत्त्याऐंशी निरोप बिनचूक, आणि नेमक्या आजच्याच दिवशी शेण खाल्लं. सगळं संपलं, असं त्यांनी मनात म्हणून टाकलं. पण मग त्यांनी मान वर केली.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "माणूस चुकला. पण बोललो त्यातलं काही खोटं नाही."

फुलस्टॉप काट्यावरून उतरली नव्हती. हसणं थांबेपर्यंत ती थांबली. मग तिनं बाहीनं तोंड पुसलं आणि काकांना म्हणाली, "परत सांगा."

"काय?"

"सगळं. मी अर्धं ऐकलं नाही. मला वाटत होतं मला काढून टाकलं."

आता कुणी हसलं नाही. काकांनी कागद उलगडला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक वाक्य. या वेळी ती ऐकत होती आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, जणू वस्तू यादीशी ताडून घेतेय. दुसऱ्या खेपेला दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. पंचाहत्तर तासांचे किती झाले ते कुणी मोजलं नाही. हिरोचाही निरोप झाला, आयत्या वेळी, चार वाक्यांत. हिरो म्हणाला, माझा शर्ट वाया गेला, पण मजा आली.

काकांनी शनिवार-रविवार तोंड पाडून काढला. काकूंनी सांगून बघितलं, की तुम्ही वाईट काही बोलला नाहीत, चुकीच्या बाईला चांगलं बोललात, यात जगबुडी कसली? पण काका ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. सोमवारी मॅडम काट्यापाशी आल्या तेव्हा काकांनीच आधी बोलून टाकलं, की बंद ना? मला कळलं होतं.

मॅडम म्हणाल्या, हो, निरोप बंद. आणि मग त्यांना हसू आवरेना. शुक्रवारी संध्याकाळी फळ्यावर एक रडका चेहरा लागला होता, कित्येक महिन्यांतला पहिला. तो फुलस्टॉपनं लावला होता. मॅडम धावत तिच्याकडे गेल्या. तिनं सांगितलं, की बरं वाटल्याचं रडू आहे, त्याचं चित्र तुमच्याकडे नाही, म्हणून हे लावलं. दादानं ते ऐकलं आणि ठरवलं: जाणाऱ्याला ऑफिसात चहा आणि हस्तांदोलन. शुक्रवारची वीस मिनिटं तशीच राहतील, पण जे राहिलेत त्यांच्यासाठी. बोलणार काकाच.

काकांना एकदम दहा वर्षं कमी झाल्यासारखं वाटलं, आणि लगेच दुसरी चिंता लागली. सव्वादोनशेंमधून सुरुवात कुणापासून करायची? त्यांनी जिना झाडणारी मावशी निवडली. तिच्या मागे चार दिवस फिरले, भाषण लिहिलं, काकूंकडून तपासून घेतलं. शुक्रवारी पावणेचारला खिशात कागद घेऊन, टोपी काढून ते आकड्याच्या काचेवर अडकवायला गेले. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या हातातून टोपी घेतली.

फुलस्टॉप होती. तिनं स्वतः टोपी अडकवली, काकांचा दंड धरला आणि त्यांना मोठ्या काट्यावर उभं केलं. काका मॅडमकडे बघायला लागले. मॅडम दुसरीकडेच बघत होत्या. मावशी झाडू घेऊन पुढच्या रांगेत उभी, तिला सगळं आधीपासून माहीत असावं, कारण ती गालात हसत होती.

फुलस्टॉपच्या हातात कागद नव्हता. तिनं दोन्ही हात पोटाशी धरले होते.

"मी पण चार दिवस बघितलं," ती म्हणाली. मग थांबली. मजल्याला वाटलं, झालं, संपलं भाषण. पण ती पुढे बोलली.

"यांनी सांगितलं, मी बांधलेली काच फुटली नाही. ते खरं आहे. पण माझ्या हातून सुटली की ती यांच्या हातात येते. मग पट्ट्यावर, मग टेम्पोत. मी बघितलं. सगळे खोकं काट्यावर ठेवतात. ठेवतात म्हणजे टाकतात. घाई असते. हे टाकत नाहीत. हे टेकवतात. आधी एक कड, मग दुसरी. दिवसाला नऊशे वेळा. माझंच नाही, सगळ्यांचं. तीन वर्षं. काच मी एकटीनं नाही वाचवली." तिनं श्वास घेतला. "हे त्यांनी भाषणात सांगितलं नव्हतं. त्यांना माहीत नसेल. म्हणून सांगितलं."

एवढं बोलून ती बाजूला झाली आणि तिनं आपला चहा उचलला.

टाळ्या वाजल्या, बऱ्याच वाजल्या. कुणीतरी म्हणालं, काका, तुम्ही बोला. काकांनी तोंड उघडलं. चार वर्षं ज्यांना कधी शब्द कमी पडला नाही त्यांना पहिला शब्दच सापडेना. ते आपल्या हातांकडे बघत राहिले, तळवे खाली, मग वर, आणि डोळ्यांत पाणी आलंय हे त्यांनी लपवलं नाही. शेवटी ते मोठ्या काट्यावरून उतरले, आपल्या नेहमीच्या जागेवर गेले आणि रांगेतलं पुढचं खोकं दोन्ही हातांनी उचललं. सव्वादोनशे माणसं बघत होती. त्यांनी आधी एक कड टेकवली, मग दुसरी. खोक्यात रबरी चपला होत्या.